मयताच्या घरची चूल

सन अडतीसच्या दिवाळीत कौशल्याला अमरावतीच्या कॉलेजातून काढायचं, हे मी पक्कं केलं होतं. वडील गेल्यापासून घरात माझंच चालायचं. अकोल्याजवळ आमचा भाजीचा मळा. धाकटी बहीण डॉक्टरीण होणार असती तर मी आणखी राबलो असतो. पण ही बी.ए.ला गोष्टी शिकत होती! गोष्टी काय शिकायच्या असतात?

ती सुटीत घरी आली तशी मी ठणकावलं, "एक गोष्ट वाचून दाखव. कामाचं काही निघालं तर कॉलेजात जाशील, नाही तर इथंच वांगे तोडशील."

ती मुळीच घाबरली नाही. मायसमोर बसून तिने वाचायला घेतलं. गोष्टीतल्या बाईचा नवरा सकाळी मरतो. माणसं त्याला जाळून आपापल्या घरी जातात. संध्याकाळी ती चूल पेटवते, भाकरी थापते आणि पोटभर जेवते. संपली गोष्ट.

"निगरगट्ट बाई!" मी म्हणालो. "याच्यात शिकाचं काय?"

"वर्गात बी सारे असंच म्हणाले, भाऊ. पण चूल पेटवाच्या आधी ते बाई दोनदा दाराकडे पाह्यते. तसं लिहिलं हाय. कोणाची वाट पाहून राहिली असंन?"

तिने पुस्तक मिटलं.

"मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे भाकर आणून देतात. इच्या घरी कावून कोणी आलं नाही? निगरगट्ट ते नाही, भाऊ. तिचं गाव हाय."

मला गेला श्रावण आठवला. तेव्हा शेजारच्या मैनाबाईचे यजमान चंद्रभान वारले. विहिरीच्या पाण्यावरून आमचं भांडण होतं. मी तिरडीला खांदा दिला, पण मायला भाकर नेऊ दिली नाही. सांजेला त्यांच्या घरातून धूर निघाला तेव्हा हसून म्हणालो होतो, "मैनाबाईले भूक बरी लागते!"

कौशल्या तेव्हा अमरावतीला होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि तरी न पाहिलेल्या घरातलं तिला दिसलं होतं. मला शेजारचं दिसलं नव्हतं. पोरगी माझ्यापेक्षा फार मोठी झाली होती.

"भाकरी मी बांधून ठेवल्या होत्या रे, पोरा," माय हळूच म्हणाली.

मी उठलो.

"सुटी सरली का जाजो अमरावतीले," मी कौशल्याला म्हणालो. "पण आता माह्यासंग मैनाबाईकडे चाल. एकट्यानं जायाची माही हिंमत नाही."