मनोऱ्यापाशी राहिलेलं माणूस

भरद्वाजने सोसायटीतली कारकुनी सोडून जुनी मॅटॅडोर घेतली, तेव्हा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण साल चौऱ्याण्णव होतं. गावात नवी हॉटेलं निघाली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे फलक लागले होते, आणि जो तो काहीतरी नवं काढायच्या मागे होता. भरद्वाजने एक दिवसाच्या सहली काढल्या. तो गाडी चालवायचा आणि बायको कनकलता बोलायची. बोलायचं काम तिला शिकवावं लागलं नाही. मोठं देऊळ, तिरुवैयारूचा घाट, तरंगंबाडीचा किल्ला, सगळं तोंडपाठ. पण खरी मागणी मनोऱ्याला. सरफोजी राजांनी समुद्रकाठी बांधलेला आठ मजली मनोरा महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना बघायचाच असायचा. तिकडे गेलं की त्यांचे ऊर भरून यायचे आणि मग त्यांना भूक लागायची.

ती भूक भागवायची कनकलताची सासू, वरलक्ष्मी. पहाटे उठून लिंबूभात, दहीभात, वडे, सगळं ती एकटी करायची. धंदा सुरू झाला त्याच दिवशी तिनं सुनेला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, पाहुणे जेवल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही. दुसरी, प्रवासाला निघालेली माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत, दृष्ट लागते. आता गाडी भरायची आणि माणसं मोजायची नाहीत म्हणजे करायचं काय? कनकलतानं तोड काढली. पाहुणे जितके, तितके वेलदोडे मुठीत घ्यायचे आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायचा. मूठ रिकामी झाली की सगळे आले. पाहुण्यांना वाटायचं, काय ही तंजावरी रीत! आणि वर्षभरात एकदाही चूक झाली नव्हती.

या वरलक्ष्मीबाईंना तंजावुरात सून म्हणून येऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती. समुद्र दोन तासांवर. आणि बाईंनी तो पाहिला नव्हता! हसू नका. तुमच्या घरातही असं कोणीतरी असेल, विचारून बघा. जानेवारीतल्या एका शनिवारी चटणी वाटता वाटता त्या नुसतं म्हणाल्या, "उद्या गाडीत एक जागा मोकळी आहे म्हणे."

"अम्मा, तुम्हाला ऊन सोसणार नाही," भरद्वाज म्हणाला. "साखरेचा आजार आहे तुम्हाला."

"येऊ द्या हो," कनकलता मध्येच बोलली. "मी आहे ना. मी बघते."

झालं. सकाळी वरलक्ष्मी हिरवं लुगडं नेसून सगळ्यांत मागच्या सीटवर, पाण्याच्या कॅनशेजारी बसल्या. वाटेत कोणाशी बोलल्या नाहीत. पाहुणे अकरा, कोल्हापूरचे. त्यांचे पुढारी प्रतापसिंहराव, निवृत्त मामलेदार, आवाज असा की झाडावरची पाखरं उडावीत. संध्याकाळी सहाची मद्रासची गाडी त्यांना गाठायची होती आणि हे त्यांनी ओरत्तनाडू येईपर्यंत चार वेळा सांगितलं.

मनोऱ्याला पोचले तेव्हा ओहोटी होती. तिथला समुद्र गरीब, लाटा नाहीत, नुसता चिखल आणि दूरवर चकाकणारं पाणी. कनकलतानं राजांची गोष्ट सांगितली, पाहुण्यांनी फोटो काढले, आणि साडेबाराला झाडाखाली पानं मांडली. त्याआधी तिनं आठवणीनं सासूच्या हातावर साखरेच्या आजाराची गोळी ठेवली, पेल्यात पाणी दिलं. "अर्ध्या तासात जेवा हं, अम्मा. तुमचा डबा सीटखाली आहे."

"सरी, जेवते," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना वाढ."

मग काय, कोणाला लोणचं हवं, कोणाला आणखी दही. प्रतापसिंहरावांना वड्याची कृती हवी होती. "तुमचं मराठी ऐकलं की मला माझी पणजी आठवते," ते हसत म्हणाले आणि बाकीचे खो खो हसले. कनकलताही हसली. दीड वाजता प्रतापसिंहरावांनी घड्याळावर बोट आपटलं. कनकलतानं मुठीत अकरा वेलदोडे घेतले, दारात उभी राहिली, मूठ रिकामी झाली, तिनं दार ओढलं आणि भरद्वाजने गाडी काढली.

पट्टुकोट्टईच्या चौकात चहाला थांबले. पाहुणे उतरले. आता आपल्याला दोन घास खायला हरकत नाही म्हणून कनकलता मागच्या सीटकडे गेली. उन्हाच्या कडेला सतरंजीची गुंडाळी उभी केली होती आणि तिच्यावर सासूची शाल. लांबून माणूस डुलक्या घेतंय असंच वाटावं. तिनं शाल उचलली. मग खाली वाकून सीटखालचा डबा ओढला. तो जड होता. झाकण उघडलं तर दहीभात भरला होता तसाच्या तसा, वर मोहरीची फोडणीसुद्धा हललेली नव्हती.

साडेबाराला गोळी घेतलेली, पोटात कण नाही, आणि आता सव्वादोन. मागच्या दिवाळीला असंच झालं होतं. जेवायला उशीर झाला आणि अम्मा स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या, दातखीळ बसली होती. डॉक्टर म्हणाले होते, आणखी तास गेला असता तर आमच्या हातात काही नव्हतं.

"अहो," तिनं हाक मारली. "अहो! अम्मा गाडीत नाहीत."

भरद्वाजच्या हातात चहाचा पेला होता. "नाहीत म्हणजे? उतरल्या असतील."

"तिथेच राहिल्या. मनोऱ्यापाशी. त्या जेवल्याही नाहीत."

त्यानं पेला बाकावर ठेवला. नीट, न सांडता ठेवला, आणि त्याचंच कनकलताला जास्त भय वाटलं. "तू बघितलं नाहीस चढताना?"

ती काय सांगणार? मुठीत अकरा होते. अम्मा पाहुण्यांत नव्हत्या, म्हणून मुठीत नव्हत्या. घरचं माणूस कोण मोजतं? पण तू 'मी बघते' म्हणाली होतीस ना, बये? तिनं मान खाली घातली.

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. मद्रासची गाडी, रिझर्व्हेशन, उद्याचं पुढचं सगळं. एक बाई म्हणाल्या, "आम्हाला स्टेशनवर सोडून मग नाही का येता येणार?" भरद्वाज एक क्षण थांबला. खोटं कशाला सांगू, एक क्षण तो थांबला. तेवढ्यात प्रतापसिंहराव दारातून आत शिरले आणि दणकन बसले.

"गाडी उद्याही आहे. चढा सगळे. आणि तुम्ही वळवा हो, बघता काय!"

परतीचे ते वीस किलोमीटर कनकलता जन्मात विसरणार नाही. कापणीचे दिवस. गावागावांतून बायांनी पेंढ्या थेट रस्त्यावर पसरलेल्या, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली मळणी व्हावी म्हणून. एरवी ती पाहुण्यांना ही गंमत थांबून दाखवायची. आज भरद्वाज हॉर्नवरून हात काढत नव्हता. एका ठिकाणी भाताची पोती लादलेला ट्रॅक्टर आडवा उभा होता आणि त्याचा मालक निवांत चाकात हवा भरत होता. कनकलता उडी मारून उतरली आणि तमिळमध्ये अशी काही कडाडली की तो पंप तसाच टाकून ट्रॅक्टरवर चढला. दहा मिनिटं तिथे गेली. भरद्वाज तिच्याकडे बघत नव्हता. तिनं दोनदा बोलायचा प्रयत्न केला. "मजला वाटलं, मागे झोपल्यात," ती म्हणाली. त्यानं गियर बदलला. हातातला डबा तिनं इतका घट्ट धरला होता की बोटांना कड रुतली. देवा, काय हवं ते कर, पण त्या बाईला उभी ठेव, एवढंच ती म्हणत होती. नवऱ्याचं पुढे काय व्हायचं, धंद्याचं काय व्हायचं, काही मनात नव्हतं.

तीन वाजून गेले होते. मनोऱ्याच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. झाडाखाली त्यांचीच उष्टी पानं पडलेली, त्यांवर कावळे. भरद्वाज ओरडत जिन्याकडे धावला. "अम्मा! अम्मा!" वरच्या मजल्यांतून त्याचाच आवाज परत येत होता. राखणदार डोळे चोळत बाहेर आला. हिरव्या लुगड्यातली म्हातारी? हो, पाहिली होती. केव्हा? बराच वेळ झाला. कुठे गेली? त्यानं समुद्राकडे हात केला.

कनकलता पळत सुटली. सकाळी जिथे चिखल होता तिथे आता पाणी होतं. भरती लागली होती, मुकाट्यानं, आवाज न करता. काठाला, जिथे गवत संपतं, तिथे सासूच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा नीट. पुढे पावलांचे ठसे पाण्यात गेलेले. परत आलेले नाहीत.

ती तशीच पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत. खाली चिखल पाय ओढत होता. "अम्मा!" कोणी नाही. सपाट पाणी आणि लांब दोन होड्या. पोहता तिलाही येत नव्हतं. आणखी एक पाऊल टाकलं तर काय होईल हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते टाकलं.

"ए बाई! तिकडे कोठे मरायला चाललीस?" उजवीकडून तमिळमध्ये आवाज आला. ताडाच्या झापांच्या एका शेडखालून एक कोळीण हात हलवत होती. "तुमची म्हातारी इथे आहे!"

शेडमध्ये जाळ्यांच्या ढिगाऱ्याला टेकवून वरलक्ष्मींना चटईवर निजवलं होतं. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, चेहरा पांढराफटक, पण छाती वरखाली होत होती. कनकलता धपकन खाली बसली. हात लावायचं धाडस होईना.

"पाण्यात उभी होती," कोळीण म्हणाली. "मी दोनदा हाका मारल्या. मागे वळायला गेली आणि पडली. ओढून आणली. थरथर कापत होती, घाम नुसता. माझ्या बापाला साखर होती, मला कळतं ते. ताडगुळाचं पाणी पाजलं, मग भाताची कांजी पाजली. आमच्या घरची कांजी पितेस का विचारायला वेळ नव्हता." मग तिनं कनकलताला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "आई ना तुझी? कसली माणसं गं तुम्ही!"

कनकलतानं ते ऐकून घेतलं. वरलक्ष्मींनी डोळे उघडले.

"कनका, तू भिजलीस की."

"अम्मा, गाडी निघाली तेव्हा तुम्ही कोठे होता? दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की. काठावरूनच दिसली."

"मग हाक का नाही मारली? एक हाक, अम्मा! तेवढ्यात थांबलो असतो आम्ही!"

"तेच," वरलक्ष्मी म्हणाल्या. "थांबला असता. मग मजला गाडीत चढावं लागलं असतं." त्या जरा दम घेऊन बोलल्या. "पाणी नुकतं यायला लागलं होतं. ते पुरतं येईतो बघावं म्हटलं. तुम्ही याल हे ठाऊक होतं. उशिरा आलात तर बरं, असंही वाटलं."

कनकलताच्या डोक्यात संतापाचा भडका उडाला. आठ वर्षांत सासूपुढे तिनं आवाज चढवला नव्हता. "मेला असता तुम्ही!" ती किंचाळली. "कळतंय का? मेला असता! आणि मी काय केलं असतं?" आणि ती हमसून हमसून रडायला लागली, अंगातली सगळी भीती एकदम बाहेर पडली.

"होय गं," वरलक्ष्मी म्हणाल्या. "ते नव्हतं माझ्या ध्यानात आलं." आणि तिच्या केसांवरून हात फिरवू लागल्या.

भरद्वाज धापा टाकत आला. आईला बघून त्याचे डोळे भरले आणि लगेच त्या भरल्या डोळ्यांत राग उतरला. "कशा राहिलात, अम्मा? गाडी निघाली ते कळलं कसं नाही?"

वरलक्ष्मींनी तोंड उघडलं. कनकलतानं त्यांचा हात दाबला.

"त्यांना कळलं नाही," ती म्हणाली. "लांब होत्या त्या. मीच बघितलं नाही. माझी चूक आहे."

"मग झालं तर," भरद्वाज म्हणाला. "आजपासून अम्मांनी घराबाहेर पडायचं नाही. घरीच बऱ्या आहेत त्या."

वरलक्ष्मींनी मान वळवून पाण्याकडे बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. चव्वेचाळीस वर्षं असंच बोलल्या नसतील, हे कनकलताला तेव्हा कळलं, आणि तिला त्या क्षणी नवऱ्याचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला. तिनं पदरानं नाक पुसलं.

"पुढच्या रविवारी अम्मा येणार आहेत," ती म्हणाली. "पुढच्या सीटवर, तुमच्या शेजारी. आणि आधी त्या जेवतील, मग पाहुणे."

"कनका, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आता आलंय," ती म्हणाली. तिनं सासूच्या काखेत हात घातला. वरलक्ष्मी हळूहळू उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला कोणीतरी लागणार होतं. भरद्वाजने पुढे होऊन आईचा दुसरा हात धरला.