हे तुमचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. माझ्या पोटात एक अख्खा खेळ आहे, पण आज मी दाभोळमध्ये एका अंगणात सुकत घातलेल्या मासळीवर काठीला टांगलेली आहे. कावळ्यांनी मला भ्यावं, एवढंच आता माझं काम.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मी डोळे उघडले ते रत्नागिरीच्या एसटी स्टँडाजवळच्या दुकानात. तिथून मला मृणालीने घेतलं. ती तेव्हा कॉलेजात होती. माझ्यातला खेळ फिरंग्यांचा होता. खेळणाऱ्याने एक गोरी कंपनी निवडायची, गलबतं बांधायची, परक्या किनाऱ्यावरची बंदरं जिंकायची. त्या नकाशात दाभोळही होतं. नाव 'दाबुल' असं काहीतरी वेडंवाकडं लिहिलेलं, पण खाडी हीच. म्हणून तर मृणालीने मला उचललं.

मृणालीचे वडील भागोजी. जन्म मासेमारीत गेलेला माणूस. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की त्यांना घरात बसवत नसे. असेच एकदा ते लेकीच्या मागे येऊन उभे राहिले. मृणाली दाभोळ जिंकायला निघाली होती.

"अगो, ओहोटीला गलबत आत घालतस? खाडीच्या तोंडाशी वाळू हाय. बसंल ना खाली!"

"बाबा, हा खेळ आहे. यात ओहोटी नसते."

"समुद्र हाय ना? मग ओहोटी असणारच. थांब, भरती लागू दे."

ती थांबली. भरती काही लागली नाही, कारण माझ्यात ती कोणी घातलीच नव्हती. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने सरळ आत घुसून बंदर घेतलं. मृणाली चिडून लाल झाली. भागोजी मात्र शांतपणे म्हणाले, "हरलो तर हरलो. गलबत तर फुटलं नाय."

त्या दिवसापासून बापलेक माझ्यावर खेळू लागले आणि सतत हरू लागले. खेळात आषाढ आला की भागोजी सगळी गलबतं बांधून ठेवायला लावत. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर समुद्राला नारळ वाहून घरी आले की प्रसादाचा तुकडा आधी संगणकापुढे ठेवत आणि मग म्हणत, "आता सोड." असा खेळाडू मला बनवणाऱ्या कंपनीने स्वप्नातही पाहिला नसेल. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला त्या माणसाचा लळा लागला.

खेळातल्या दाभोळच्या बंदरात एक छोटी शिडाची होडीही होती. नुसती शोभेची. चित्रात गाव भरलेलं दिसावं म्हणून काढलेली. भागोजी रोज खेळ संपवताना तिच्यावर एकदा टिचकी मारत. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येई. पहिल्यांदा मृणालीने ती वाचून दाखवली, "हे तुमचं नाही."

भागोजी पोट धरून हसले. "माझं नाय, मग कोणाचं? होडी आपली, खाडी आपली, आणि मला सांगतंय माझं नाय!"

पुढे त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. त्यांची खरी होडी मुरुडच्या एका माणसाने विकत नेली. ती खाडीबाहेर पडेपर्यंत ते धक्क्यावर उभे होते आणि मग घरी येऊन त्यांनी मला लावायला सांगितलं. त्या दिवशी ते एकही बंदर खेळले नाहीत. नुसती त्या शोभेच्या होडीवर टिचकी मारत बसले. 'हे तुमचं नाही.' 'हे तुमचं नाही.' त्या दिवशी ते हसले नाहीत. ती ओळ माझ्याच पोटातून येत होती, आणि मला ती गिळता येत नव्हती.

मृणाली पुढे रत्नागिरीत नोकरीला लागली. एका सुट्टीत ती बातमी घेऊनच घरी आली. माझा खेळ नव्याने बनणार होता, आणि काय बदलावं ते कंपनी जुन्या खेळाडूंना विचारत होती. बापलेक पडवीत बसले. भरती-ओहोटी हवी. तोंडाशी वाळू हवी. पावसाळ्यात बंदर बंद हवं. भागोजी बोलत गेले, ती लिहीत गेली.

"आणि पयला लिव, ती होडी चालली पायजे. मी वल्हवणार."

तिने इंग्रजीत सगळं पाठवलं. 'आपल्या सूचनांबद्दल आभार' असं उत्तर आलं. त्या तीन शब्दांवर भागोजींनी तीन वर्षं काढली. खेळाची तारीख दोनदा पुढे गेली. येणारा-जाणारा दिसला की ते त्याला सांगत, "नव्यात माझी होडी चालणार हाय." आणि मी संगणकात बसून माझेच दोष ऐकत होते. माझ्यात वारा नाही, माझ्यात ओहोटी नाही, माझी होडी मेलेली. ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं फिरले त्यांनीच हे म्हणावं, याचं वाईट वाटतंच.

तिसऱ्या वर्षी कावळ्यांनी मासळीवर उच्छाद मांडला होता. मृणालीची आई गुणवंती चकचकीत काहीतरी शोधत होती. "अवो, ती खेळाची थाळी घेव काय? चमकते बरी."

मला वाटलं, भागोजी नाही म्हणतील.

"घे. आता नवी येतेच हाय," ते म्हणाले. माझ्या मधल्या भोकातून जाळ्याचा दोरा त्यांनीच ओवला. गाठ त्यांनीच मारली. पक्की मारली.

दिवाळीला मृणाली नवा लॅपटॉप आणि नवा खेळ घेऊन आली. ते पडवीत बसले आणि मी काठीवरून सगळं पाहिलं. काय ते पाणी! काय त्या लाटा!

"भरती हाय गो! वाळू पन हाय!" भागोजी लहान पोरासारखे ओरडले. भरती लागेपर्यंत ते थांबले. गलबत अलगद आत आलं. मग त्यांनी दोन्ही हात लुंगीला पुसले आणि त्या होडीवर टिचकी मारली.

या वेळी एका ओळीऐवजी तीन शब्द आले. मृणालीने ते मनातच वाचले.

"वाच ना."

"पकडा. बुडवा. जाळा."

"आणि वल्हवायची?"

"ते नाही दिलेलं, बाबा."

भागोजी लॅपटॉप तिच्याकडे सरकवून बाजूला झाले. मग म्हणाले, "जुनीच लाव गो. ती निदान माझं नाय एवढंच बोलायची."

मृणाली धावत अंगणात आली. गाठ सुटेना म्हणून तिने दोरा कापला. मला ओढणीने पुसलं, जुन्या संगणकावरचा प्लास्टिकचा कागद काढला आणि मला आत सरकवलं. मी फिरले. जीव तोडून फिरले. पण खाऱ्या वाऱ्याने आणि काठीवर आपटून माझ्या अंगावर इतके ओरखडे पडले होते की मला माझंच काही आठवेना. पडदा म्हणाला, 'सीडी घाला.' तिने पाच वेळा घातली. सहाव्या वेळी भागोजींनीच तिचा हात धरला.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. नवं येणार म्हणून नाचा, त्याची वाट पाहा, पण ते हातात येऊन नीट बघेपर्यंत जुन्याच्या भोकात दोरा ओवू नका.

दुसऱ्या दिवशी भागोजींनी मला पुन्हा इथे बांधलं. लॅपटॉप मृणालीबरोबर रत्नागिरीला गेला. आता ते रोज सकाळी पडवीत येऊन बसतात आणि खाडीकडे पाठ करतात. कावळेही आता मला भीत नाहीत. आत्ताच एक येऊन बांगडा घेऊन गेला. भागोजींनी पाहिलं, पण हात काही उचलला नाही.