उजवीकडून डावीकडे

मी बोलतोय. लॉरीखाली सहा चाकं धावतात, मी वर बसलेला सातवा. लोक मला स्टेअरिंग म्हणतात. धावणं मला ठाऊक नाही, मी नुसता फिरतो. पण मी फिरलो की त्या सहाजणांना मागं यावंच लागतं. बसा निवांत. आमच्या लॉरीच्या कपाळावरच रंगवलंय, ‘घाई कशाला?’

जन्म माझा विलायतेतला. आत पोलादाची कडी, वर काळा टणक लेप, तीन दांडे, मधोमध हॉर्नचं बटण. घेर परातीएवढा. जहाजातून घानात उतरलो, लाकडी पाठीच्या एका लॉरीत बसलो आणि तेचिमानच्या बाजाराला कोनफळं वाहू लागलो. पहिला मालक गेला तेव्हा लॉरी त्याच्या बहिणीच्या मुलाकडं आली. आमच्याकडं रीतच तशी, मामाचं ते भाच्याचं. त्या भाच्याचं नाव बादू. तेव्हा पंचविशीचा होता. त्याचे तळवे एवढे मऊ, की मला वाटलं, हा शिंपी व्हायचा तो चुकून ड्रायव्हर झाला.

तेव्हा मी उजव्या बाजूला बसायचो. मग सरकारनं फर्मान काढलं, अमुक रविवारपासून सगळ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेनं गाड्या हाकायच्या. म्हणजे मला डावीकडं जाणं आलं. बादूनं लॉरी कुमासीला अम्पोफो फिटरकडं नेली.

तिथं तीन दिवस मी भिंतीवर खिळ्याला लटकलो. माझ्या आयुष्यातली तेवढीच सुट्टी! शेजारी कुणा साहेबाच्या गाडीतला लाकडी कडीचा भाऊबंद होता, पॉलिश केलेला, बोलायचा कमी. पलीकडं एक पांढरा, सडपातळ, त्याच्या आत चांदीसारखी दुसरी कडी. ती कुठंही दाबा, हॉर्न वाजतो. एकाला तर एकच दांडा होता. मला त्याची कीव आली, तर तो म्हणतो, “दांडे मोजू नका दादा, पुढच्या वेगाच्या घड्याळाचे काटे बघायला वाट किती मोकळी राहते ते बघा.” खरंच होतं त्याचं. हल्ली त्या भिंतीवर नवी मंडळी आहेत म्हणतात. कुणाच्या पोटात हवेची पिशवी, कुणाच्या अंगावर गाण्याची बटणं. एकाला वरची कमानच नाही म्हणे. असो, ज्याची त्याची गाडी.

मी डावीकडं आलो, पण बादूचे पाय काही डावीकडं येईनात. पहाटे झोपेच्या डोळ्यांनी यायचा, उजवं दार उघडायचा, चढून बसायचा आणि हात पुढं करून मला शोधायचा. हातात वाराच. मागं फळीवर बसलेल्या बाजारच्या बाया खिदळायच्या.

“काय ड्रायव्हरसाहेब, चाक कुणी चोरलं?”

“बायकोला विचार रे, कोनफळाबरोबर कुटून फूफूच्या गोळ्यात घातलं असेल!”

बादू हसत उतरायचा आणि वळसा घालून माझ्याकडं यायचा. ही चूक एक वर्ष नाही, दोन नाही, जन्मभर टिकली.

पुढं बादूचे गुडघे दुखायला लागले. मग डोळ्यांवर पडदा आला. लॉरी आता त्याच्या बहिणीच्या लेकीची, सेरवाची. पण लॉऱ्यांच्या स्टँडचा एक नियम होता. नव्या ड्रायव्हरनं भरलेली लॉरी मागं घेत घेत आंब्याच्या दोन झाडांमधे लावून दाखवायची. जमलं तर रांगेत नंबर. नाही जमलं तर पुढच्या कोनफळांच्या सणापर्यंत, म्हणजे वर्षभर, थांबायचं. वर्षभर लॉरी उभी ठेवणं त्या घराला परवडणारं नव्हतं. तिला भंगारात घालायला माणूस येऊन बघूनही गेला होता.

सेरवा हुशार, पण नव्याची हौस. परीक्षेच्या आठवडाभर आधी मला बघून म्हणाली, “मामा, हे स्टेअरिंग आहे की विहिरीचा रहाट?” आणि अम्पोफोच्या लेकाकडून एक छोटा, लाल, चामडं चढवलेला आणून बसवला. शर्यतीच्या गाडीतला. दिसायला देखणा, उगाच खोटं कशाला बोलू?

बादूनं मला उचलून घरी नेलं. मला धुतलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि परीक्षेच्या दिवशी मांडीवर घेऊन स्टँडवर येऊन बसला.

आठवडाभर रिकामी लॉरी त्या लालनं वळवलीही, पण आज ती कोनफळांनी भरलेली. सेरवानं मागं घेतली, वळवायला गेली, आणि तो लाल पठ्ठ्या जागचा हलेना! दोन्ही हातांनी लोंबकळली बिचारी. लॉरी आंब्याला जाऊन टेकली. वरून चार आंबे पडले.

“आंबे काढायला आलीस की लॉरी लावायला?” एक ड्रायव्हर ओरडला. स्टँडचा अध्यक्ष फ्रिम्पाँग म्हणाला, “जेवणापर्यंत आणखी एक संधी. मग वर्षानं ये, बाई.”

सेरवा खाली उतरली. डोळे भरलेले. बादूनं लुगडं सोडलं.

“मामा! तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर ऐकलं असतंस, पोरी?”

ती खुदकन हसली. “नसतं.”

“जड लॉरी वळवायला लांब दांड्याचा जोर लागतो. हा मोठा आहे तो उगाच नाही. घे पाना.”

मधला नट सुटला, लाल पाहुणा उतरला, मी माझ्या जागी बसलो. सेरवाचे तळवे घामेजले होते, पण मऊ, अगदी बादूसारखे. तिनं मला हळूच ओढलं, मी सगळा घेर तिच्या हाती दिला. सहाही जण निमूट वळले. लॉरी दोन आंब्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एक आंबाही पडला नाही.

बायांनी असा गलका केला की फ्रिम्पाँगला दोनदा “नंबर दिला!” म्हणावं लागलं.

त्याला आता चार वर्षं झाली. माझा लेप तडकलाय, सेरवानं दोन जागी दोरी गुंडाळलीय. माझं मागणं एवढंच, चालवणाऱ्यांनो, आम्हाला हिसडे देऊ नका. हळू धरा, आम्ही वळतो.

बाजारच्या दिवशी बादू अजून पहाटे येतो. झोपेच्या डोळ्यांनी उजवं दार उघडतो, चढतो, बसतो. हात मात्र आता पुढं करत नाही, मांडीवर ठेवतो. मागं बाया असतात, पण कुणी हसत नाही. सेरवा माझ्यावर हात ठेवते आणि विचारते, “मामा, बसलात ना नीट? निघू?”