राहणार गुडीहत्नूर

“आधार कार्ड नागपूर का है ना आपका?” विमा कंपनीच्या वकिलानं कार्डाची झेरॉक्स वर धरून विचारलं.

“हां, है,” जयवंताबाई म्हणाली. तेलंगणातल्या आदिलाबादच्या कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती कुबडी काखेत घट्ट धरून उभी होती.

“इलाज नागपूर में हुआ. ग्यारह महीने नागपूर में बेटी के घर रहीं. ट्रकवाला भी वहीं का. फिर केस आदिलाबाद में क्यों?”

सगळं खरं होतं. दीड वर्षांपूर्वी ती लेकीच्या, चंदाच्या, बाळंतपणाला नागपूरला गेली होती. बसमधून उतरली आणि बाजूनं घुसलेल्या ट्रकनं तिचा उजवा पाय चिरडला. गुडघ्याखाली काही उरलंच नाही. दवाखान्याच्या कागदांसाठी जावयानं आधारवर आपल्या घरचा पत्ता घातला, आणि आज तोच पत्ता ट्रकच्या विमा कंपनीनं पुढं केला होता.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात तिचे वकील सुधाकरराव तिला समजावत होते.

“बाई, कंपनीवाले म्हन्तेत का भरपाईचा दावा नागपूरले टाका, आमी लवकर मिटवतो. चंदाबी तिथंच हाय. काऊन हट्ट करून राह्यल्या?”

“वकीलसाब, पह्यले कायदा कसा होता म्हन्ले तुमी?”

“पह्यले जिथं अपघात, तिथंच दावा. मंग तीसेक वर्सांपूर्वी बदलला. आता जखमी मानूस राह्यते तिथं, नाहीतर धंदा करते तिथंबी टाकता येते.”

“म्हंजे कायदा चालत आपल्या दारापर्यंत आला. अन् मी त्याले वापस नागपूरले धाडू?”

सुधाकररावांनी हातातली फाईल मिटली.

“नागपूरच्या जजले मी नुसती लंगडी बाई दिसन,” ती म्हणाली. “अठ्ठावीस वर्सं डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मी पहाटची बस धरली, थे इथल्या लोकायनं पाह्यलं हाय. बाजारात माह्या बाजूले बसनारी रुक्माबाई इथं साक्षीले येईन. नागपूरले कोन येते? माहा पाय गेला म्हंजे काय गेलं, थे इथल्याच मानसायले समजते.”

आता पिंजऱ्यात तिनं पदराआडून रयतू बाजारचं कार्ड काढलं. भाजी पिकवणाऱ्यांना बाजारात जागा मिळते, त्याचं ते कार्ड. फोटोतली बाई तिच्याहून तरुण होती. शिपायानं ते जजसाहेबांपुढं ठेवलं.

कंपनीच्या वकिलानं ते पाहिलं आणि तिच्याकडं पाठ करून जजसाहेबांशी तेलुगूत बोलू लागला. कार्ड जुनं आहे. या अवस्थेत ही बाई बाजारात बसणं शक्यच नाही. आणि भाषेवरूनच कळतं, ही बाई महाराष्ट्राची आहे.

“कादु सार!” जयवंताबाई म्हणाली. नाही साहेब!

वकील गर्रकन वळला. जजसाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि तेलुगूतच विचारलं, “एक्कड उंटावम्मा? कुठं राहतेस?”

“इक्कडे, सार. इथंच.” आणि मग बाजारात शिकलेल्या तेलुगूत ती धडाधडा बोलत गेली. “माझी आई गुडीहत्नूरची, तिची आईही गुडीहत्नूरची. आम्ही घरात मराठी बोलतो, म्हणून आमचं गाव उचलून कुणाला महाराष्ट्रात नेता येत नाही. लेकीकडं मी पडून होते, साहेब. राहत नव्हते. राहणं म्हणजे काय, ते या वकीलसाहेबांना माहीत नसेल. आणि मी बाजारात बसत नाही म्हणतात? आज पहाटे मेथी विकून इथं आले. उद्या सकाळी येऊन बघा. मुलगा पाटी उचलतो, मी विकते.”

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. जजसाहेबांनी तिकडं नुसतं पाहिलं, तसं ते थांबलं.

“तुम्हाला आणखी काही विचारायचंय?” त्यांनी वकिलाला विचारलं. वकिलानं नकारार्थी मान हलवली.

दुपारी जेवणानंतर निकाल झाला. बाई इथंच राहते आणि इथंच धंदा करते, पत्ता कार्डावर कुठलाही असो. कंपनीची हरकत फेटाळली. दावा आदिलाबादलाच चालेल.

“आज फक्त जागा ठरली बाई,” सुधाकरराव बाहेर येऊन म्हणाले. “खरा खटला तर आता सुरू होईन. तारखा पडतीन. थे हायकोर्टातबी जातीन.”

“जाऊ द्या. मी काही कुठं जाऊन नाही राह्यली.”

गुडीहत्नूरच्या फाट्यावर पंढरी, तिचा मुलगा, मोटरसायकल घेऊन उभा होता. घराकडं वळायच्या आधी तिनं त्याला आपल्या मळ्यापाशी थांबायला सांगितलं. त्यानं दुपारीच पाणी दिलं होतं. वाफे ओले होते. नागपूरहून परतल्यापासून ती बांधावर बसूनच काम सांगायची. आज तिनं चप्पल काढली आणि कुबडी रोवत सरळ वाफ्यात उतरली.

“माय, पडशीन!”

वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं ओलांडला, एका जागी वाकून गवताची काडी उपटली, आणि पलीकडच्या बांधावर जाऊन टेकली. तिला धाप लागली होती.

मागं चिखलात एकाच पायाचे ठसे उमटले होते, डावे, आणि प्रत्येक ठशाशेजारी कुबडीचं गोल भोक. त्यांत पाणी भरत होतं.

पंढरीनं वाफा सारखा करायला फावडं उचललं.

“राहू दे,” ती म्हणाली.