पहिल्या दिवसाचा चीक

दोन वर्षांपूर्वी, अमेरिकेत रेडमंडच्या गणपतीत, मालिनीकाकूंनी उत्तराच्या आईनं केलेला खरवस सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकला होता. "कच्च्या दुधाचं कोण खातं इथे? मुलं आजारी पडली तर?" उत्तराच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आलेली आई रिकामं पातेलं घेऊन कोपऱ्यात बसून राहिली. उत्तराच्या डोक्यात तो राग अजून धुमसत होता.

आणि आता काकूंच्या सुनेला, राधिकाला, डोहाळे लागले ते नेमके खरवसाचे! काकूंनी लाजलज्जा गुंडाळून उत्तराला फोन केला. "तुझ्या ओळखीचा गोठा आहे ना गं?"

दोन तास ड्राइव्ह करून दोघी त्या गोठ्याच्या गावात पोचल्या. गाव म्हणजे एक रस्ता, पेंडीचं दुकान आणि शेणाचा वास. गोठ्याचा मालक मूळचा ऑस्ट्रेलियातल्या अशाच गावातला, मोठा बोलघेवडा. सकाळीच व्यालेल्या गाईचा पिवळाधम्मक चीक त्यानं बरणीत भरून दिला. काकू नाकाला स्कार्फ लावून उभ्या होत्या. वासरू उत्तराची बोटं चोखत होतं.

"यात काय घालायचं?" काकूंनी गाडीत विचारलं.

पहिल्या दिवसाच्या चिकात भरपूर दूध घालावं लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. सांगलीकडचं शेंबडं पोरही हे सांगेल. काकू दादरच्या, त्यांनी चीक आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

"गूळ, वेलची," उत्तरा म्हणाली. "दुधाचा थेंबही घालू नका हं काकू, चव जाते."

शनिवारी डोहाळजेवणाला चाळीस बायका जमल्या. खरवसात सुरी शिरेना. राधिकानं एक तुकडा चावून चावून शेवटी नॅपकिनमध्ये टाकला. बायका फिदीफिदी हसल्या. मग उत्तरा उठली, तिनं ते भांडं उचललं आणि सगळ्यांदेखत कचऱ्यात उपडं केलं.

"मुलं आजारी पडली तर, काकू?"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. उत्तराचा आत्मा थंड झाला. तिनं दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या आणि घरी येताच आईला फोन लावून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

आई हसली नाही. "पहिल्या दिवसाचा? वासराच्या तोंडचा काढून आणलास आणि कचऱ्यात घातलास?"

"पण आई, तिनं तुझा—"

"तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं टाकला. तुला तर कळत होतं, उत्तरा."

आणि आईनं फोन ठेवला.