रखमामावशीचा सत्कार

यंदा महाराष्ट्र दिनाला रखमामावशीचा सत्कार करायचा, हे मराठी मंडळाच्या बैठकीत एकमतानं ठरलं. बहरीनमध्ये मराठी बाई संकटात सापडली की तिला पहिल्यांदा मावशीचाच नंबर देतात. कुणाचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवलेला असतो, कुणाला मार पडत असतो. मावशी गुदैबियातल्या आपल्या खानावळीतून उठते, पदर खोचते आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसते. काम झाल्याशिवाय उठत नाही. तिनं सोडवलेल्या कितीतरी बायका आता तिच्याबरोबर इतर बायकांसाठी धावतात.

सूत्रसंचालन करणारी ज्योत्स्ना माहिती घ्यायला खानावळीत आली, तेव्हा मावशी कोळंबी सोलत होती.

"मावशी, 'खडतर परिस्थितीतून वर आलेल्या' असं म्हणू?"

"परिस्थिती कसली गो? कुलूप व्हतं." मावशीनं सोललेली कोळंबी ताटात टाकली. "पन त्यातलं काय बोलू नको. माजी पोर येतेय."

घरकामाला म्हणून आलेल्या तरुण रखमाचा पासपोर्ट आणि फोन पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. पुढची पाच वर्षं तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पगार नाही, सुट्टी नाही. निजायला वॉशिंग मशीनशेजारची जागा. नाव विचारायचीही कुणी तसदी घेतली नाही. आधीच्या मोलकरणीच्याच नावानं हाका मारायचे. हे इथल्या बायकांना ठाऊक होतं. राजापूरला आजीपाशी वाढलेल्या स्वप्नालीला मात्र आईनं एवढंच सांगितलं होतं, की तेव्हा फोन लागत नव्हता. आता रत्नागिरीत नर्स असलेली ही मुलगी आईशी कामापुरतंच बोलायची.

"हॉलमधल्या बायका बोलणारच, मावशी," ज्योत्स्ना म्हणाली. "त्यांच्याकडून कळण्यापेक्षा तिला तुमच्या तोंडून कळू दे."

स्वप्नाली आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी घावणे घालत होती. तव्याकडेच बघत तिनं सुरुवात केली.

"स्वप्ने, फोन लागत नव्हता असं नाय. फोनच नव्हता. दार बंद व्हतं. मी तिथं गुलाम व्हते."

स्वप्नालीनं गॅस बंद केला आणि आईला खुर्चीवर बसवलं. मावशीनं त्या पाच वर्षांतलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता स्वप्नालीचा चेहरा लाल झाला.

"मी शाळेत पोरींना सांगायचे, माझी आई मेली. आधी का नाही बोललीस?"

"तुला लाज वाटंल म्हणून."

"लाज? कुलूप काय तू लावलंस?"

स्वप्नालीनं आईचं डोकं पोटाशी धरलं आणि दोघी पोटभर रडल्या.

"मग सुटलीस कशी?" बऱ्याच वेळानं स्वप्नालीनं विचारलं.

"गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची. भिंतीपलीकडं शेजारची खदिजाबाई दिसायची. मला तवा अरबी शब्दच चार यायचे. एकदा धीर करून म्हटलं, 'बाब मफी.' म्हणजे दार नाय. म्हातारी माझ्याकडं बघतच ऱ्हायली. संध्याकाळी पोलिसांना घेऊन दारात हजर!"

त्या दुपारी दोघी नईम भागात खदिजाबाईंकडे गेल्या. म्हातारीनं स्वप्नालीचे गाल धरून तिला जवळ ओढलं, खजूर खायला घातले, वर आणखी खजूर पदरात बांधायला लावले. एकमेकींची भाषा येत नसताना म्हातारी आणि स्वप्नाली तासभर हसत होत्या.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. मावशीच्याच परवानगीनं ज्योत्स्नानं काही झाकून ठेवलं नाही. रखमा आधी कोण होती आणि मग कोण झाली, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. शाल घालायला स्वप्नालीला बोलावलं. तिनं शाल घातली आणि सगळ्यांसमोर आईच्या पाया पडली. मावशीनं माईक हातात घेतला.

"मला गुलाम म्हटलं तर मला राग येत नाय. कुणी अजून कुलपात असंल तर येतो. तुमच्या बिल्डिंगीत, शेजारी, गच्चीवर कोण दिसली, तर तिला नाव विचारा. एवढंच."

पुढच्या रांगेत बसलेल्या खदिजाबाईंना मराठीचा एक शब्द कळला नव्हता, पण सगळ्यांत आधी उठून टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

जेवणं आटोपल्यावर स्वप्नालीनं रत्नागिरीला हॉस्पिटलमध्ये फोन लावला आणि सुट्टी वाढवून मागितली. पलीकडून मेट्रननं कारण विचारलं.

"आईजवळ राहायचंय," ती म्हणाली.