निवांत येतो

पुण्यात नकार द्यायच्या अनेक रीती आहेत. दुकानदार मान वर न करता "नाही" म्हणतो, ती त्यातली सगळ्यात प्रेमळ. गिऱ्हाईक चिडतं, पण पुढच्या दुकानात जातं आणि त्याचं काम होतं. खरी क्रूर रीत निराळीच आहे. पाठीवर थाप मारायची, "निवांत येतो एकदा" म्हणायचं आणि चालू लागायचं. तुमचं नवीन घर बघायला निवांत येतो, मामांची तब्येत विचारायला निवांत येतो, तुमचं लिखाण निवांत वाचतो. वाचकहो, हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे, आणि ते ऐकून कुणाची तरी वाटही पाहिलेली आहे. अभयनंही ते म्हटलं. त्यात काय गेलं, त्याची ही गोष्ट.

अभय हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइन विभागाचा प्रमुख होता. मूळचा चित्रकार. चित्रकला शिकत असताना त्याचा जिवाभावाचा सोबती म्हणजे संतोष. तो परभणीकडून आलेला, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असे, तेव्हा संतोष हक्कानं अभयच्या दोन खोल्यांच्या घरी जेवायला येई. अभयची आई, मथुराबाई, आणखी एक पोळी वाढल्याशिवाय त्याला ताटावरून उठू देत नसत.

शिक्षण संपलं. अभयनं वारा ओळखला आणि कॉम्प्युटर शिकून घेतला. संतोष मात्र सिनेमाची आणि साबणांची भलीमोठी होर्डिंगं हातानं रंगवत राहिला, आणि मग फ्लेक्स आले. ज्या कामाला परांचीवर चढून आठवडा घालवावा लागे, ते मशीन दुपारच्या चहापर्यंत छापून देऊ लागलं. संतोषचा धंदा बसला. तो धायरीत राहायला गेला, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवू लागला आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढू लागला. बरीच वर्षं त्यानं ती कुणाला दाखवली नाहीत.

मग एके दिवशी अभयच्या ऑफिसात त्याचा फोन आला. भांडारकर रस्त्याजवळचं एक लहान कलादालन त्यानं आठवडाभरासाठी घेतलं होतं. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन.

"उद्घाटनाला नाही आलास तरी चालेल," संतोष म्हणाला, "पण नंतर एकटा ये. शिकताना तू तोंडावर सांगायचास ना, इथं खोटं बोललायस म्हणून? तसंच सांग. वाईट असलं तर वाईट म्हण. पुढं काढत राहावं की बास करावं, हे तू बघितल्याशिवाय मला कळायचं नाही."

अभयला भरून आलं. तो कोरडा माणूस मुळीच नव्हता. येणार म्हणजे येणारच, असं त्यानं सांगितलं, आणि ते सांगताना ते खरंही होतं.

उद्घाटनाला शहरातले झाडून सगळे चित्रकार आले. लग्नातला आहेर जसा फेडावा लागतो तसं एकमेकांच्या उद्घाटनाला येणंही फेडावं लागतं, म्हणून चित्रकार त्यात चुकत नाहीत. बटाटेवडे गरम होते. वड्याची बशी हातात आली की माणूस भिंतीकडं पाठ करतो, कारण बोलायचं माणसांशी असतं. थोड्याच वेळात सगळ्या भिंतींकडं सगळ्यांच्या पाठी झाल्या. कुणी "वेगळं आहे" म्हणालं. कुणी "टेक्श्चर छान" म्हणालं. ही दोन्ही वाक्यं चित्र न बघताही म्हणता येतात, हे त्यांचं मोठं सुख. रोहन नावाचा एक चित्रकार होता. नव्या फ्लॅटांतल्या सोफ्यांवर त्याची चित्रं चांगली शोभत आणि खपत. तो संतोषला "ग्रेट वर्क" म्हणाला आणि मग अभयच्या कानाशी येऊन पुटपुटला, "होर्डिंगवाल्यानं कॅनव्हास लहान घेतले, एवढे उपकार." अभय हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण अशा ठिकाणी हसू येऊन जातं.

संतोष नवा झब्बा घालून एकेकाच्या तोंडाकडं बघत हिंडत होता. शेवटी अभयजवळ आला आणि त्यानं हळूच विचारलं, बघितलीस का.

"अफाट काम केलंयस," अभय म्हणाला. "पण ही अशी गर्दीत बघायची चित्रं नाहीत रे. गुरुवारी निवांत येतो."

संतोषचा चेहरा उजळला. सगळ्या संध्याकाळभरात त्याला आवडलेलं हे एकच वाक्य होतं.

गुरुवारी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा फोन लांबला. शुक्रवारी मुलीच्या शाळेत बोलावणं होतं. शनिवारी अंग मोडून आलं. रविवारी अभय खरोखर निघाला, पण विद्यापीठ चौकात गाड्या अशा तुंबल्या होत्या की त्यानं वैतागून गाडी परत फिरवली. संध्याकाळी मोबाइलवर निरोप धाडला: सॉरी यार, फसलो, पुढच्या वेळी नक्की. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. आपली कारणं खरी असतात, म्हणूनच आपल्याला झोप लागते.

तिकडं संतोष शाळेतून रजा काढून दाराजवळच्या खुर्चीवर बसून होता. त्याची बायको राजनंदिनी डबा घेऊन यायची. दोन इमारती पलीकडं उसाचा रस मिळायचा, तिथंही तो गेला नाही. मधल्या वेळात अभय येऊन परत गेला तर काय घ्या! इतर चित्रकारांपैकीही कुणी फिरकलं नाही. सगळेच निवांत येणार होते.

दिवाळी झाल्यावर अभय धायरीत एक फ्लॅट बघायला गेला. तिथं नव्या इमारती उठत होत्या आणि ऑफिसातले सगळेच तिकडं जागा घेऊन ठेवत होते. फ्लॅट काही पसंत पडला नाही. आलोच आहोत तर संतोषकडं डोकवावं, चित्रंही बघून होतील, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे हेही जाणं जाताजाताच झालं.

संतोष घरी नव्हता. शनिवारी तो मुलांना चित्रकलेच्या परीक्षेसाठी शिकवायला जाई. राजनंदिनीनं दार उघडलं, "या भावजी" म्हणून आत घेतलं, पाणी दिलं. बाहेरच्याच खोलीत भिंतीला टेकवून कॅनव्हास ओळीनं उभे होते. सगळे कोरे, पांढरेशुभ्र. रंगाचा ताजा वास होता.

नवीन मालिका सुरू करतोय वाटतं, असं अभयनं आनंदानं विचारलं.

"नवीन नाहीत," राजनंदिनी म्हणाली. "प्रदर्शनातलेच आहेत. ह्यांनी पांढरा मारला सगळ्यांवर. शाळेचं स्नेहसंमेलन आहे ना, तिथं स्टेजच्या मागं जोडून लावायचेत. पाचवीची मुलं त्यावर किल्ला काढणारेत."

कॅनव्हास पुन्हा वापरणं चित्रकारांना नवीन नाही. फसलेल्या चित्रावर पांढरा रंग चढवायचा आणि नव्यानं सुरुवात करायची, हे अभयनंही केलं होतं. पण ते एखाददुसऱ्या चित्राचं! इथं सगळं प्रदर्शन पुसून टाकलं होतं.

"वहिनी, असं कसं केलं त्यानं? इतकी अफाट चित्रं होती!"

"कुठलं?" राजनंदिनीनं विचारलं.

अभयनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कुठलं चित्र अफाट होतं, भावजी? एकाचं सांगा."

आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखर ऐकायचं होतं. अभयनं आठवायचा प्रयत्न केला. त्याला वडे आठवले, रोहनचं पुटपुटणं आठवलं, कुणाचा तरी नवा मोबाइल आठवला. शेवटी अंधारात दगड मारावा तसं तो म्हणाला, "ते मोठं, निळं..."

"निळं एकही नव्हतं," ती म्हणाली. "सगळी विटकरी आणि पिवळी होती. होर्डिंगच्या कामातले रंग उरले होते, त्यातच ह्यांनी काढली."

काहीतरी बोलायचं म्हणून अभयनं विचारलं, फोटो तरी काढले असतील ना. उद्घाटनाचे तेवढे आहेत, असं म्हणत तिनं कपाटातून एक पाकीट आणलं. फोटोंत माणसं होती, हातात बश्या, तोंडं उघडी. मागं चित्रांचे कोपरे दिसत होते. एका फोटोवर राजनंदिनीनं बोट ठेवलं.

"हे दारातून आत आल्या आल्या लावलं होतं. तुम्हाला पहिलं हेच दिसावं म्हणून. संध्याकाळभर तुम्ही त्याच्याच पुढं उभे होता."

फोटोत अभय हसत होता. त्याच्या खांद्यामागं चित्रातला एक हात दिसत होता. हातात काचेच्या बांगड्या, बोटांना पीठ लागलेलं, आणि शेजारी विटकरी लुगड्याचा काठ. हात कुणाला तरी वाढायला पुढं झालेला. अभयनं तो हात ओळखला. आपल्या आईचा हात ओळखायला काही चित्रकार असावं लागत नाही. मथुराबाईंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाकीची आई अभयच्या डोक्याआड गेली होती.

अभय कॅनव्हासांकडं वळला. यातलं कुठलं, असं त्यानं विचारलं. ते तिलाही आता सांगता येत नव्हतं. सगळे सारखेच पांढरे होते.

अभय रडू लागला. राजनंदिनीनं त्याला रडू दिलं. मग ती म्हणाली, "एक बोलू का? राग मानू नका. तुम्ही चित्रं वाईट आहेत म्हणाला असता तरी चाललं असतं. ह्यांनी शिव्या घातल्या असत्या, आठवडाभर जेवण सोडलं असतं आणि परत काढायला बसले असते. येत नाही म्हणाला असता तरी चाललं असतं, दुसऱ्या कुणाला तरी हाताला धरून आणलं असतं. दारात आलेल्या भुकेल्याला नाही म्हटलं, तर तो दुसऱ्या दारी जातो. बसा, वाढते म्हणून पानावर बसवला आणि वाढलंच नाही, तर तो कुठं जाणार? तुम्ही ह्यांना पानावर बसवून ठेवलंत, भावजी."

तेवढ्यात संतोष आला. अभयला बघून त्याला खरंच आनंद झाला. स्वतः चहा टाकला, मुलांच्या किल्ल्याची गंमत सांगितली, एका मुलानं बुरुजावर पाण्याची टाकी काढलीय म्हणाला. अभयनं त्याचे हात धरले आणि माफी मागितली.

"राग नाही रे," संतोष म्हणाला. "राग असता तर चित्रं ठेवली असती."

परत काढ, एक तरी काढ, आईचं काढ, असं अभय पुन्हा पुन्हा विनवत राहिला. संतोष मान हलवत राहिला. आता हात उठत नाही, आणि नाही उठत तेच बरं वाटतं, शांत झोप लागते, एवढंच म्हणाला.

तो फोटो मागून घेऊन अभय घरी आला. कित्येक वर्षांनी त्यानं रंग बाहेर काढले. संतोष काढत नाही तर आपण काढू, असं त्यानं ठरवलं. फोटोवरून हात काढला, काठ काढला. चेहऱ्यापाशी आला आणि अडला. आईचा चेहरा त्याला येईना. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता, पण तो ओळखपत्रासाठी काढलेला, कुणातरी परक्या बाईसारखा. वाढताना, घाम पुसताना, "आणखी एक घे" म्हणताना ती कशी दिसायची, ते आठवायला गेलं की आवाज आठवायचा, चेहरा नाही. बरेच रविवार गेले. शेवटी जमलं तसं चित्र करून त्यानं संतोषला फोन लावला. सवडीनं ये, कधीही ये, असं सांगितलं.

संतोष त्याच दिवशी आला, धायरीहून दोन बस बदलून. चहा नको म्हणाला. खुर्ची ओढून चित्रासमोर बसला आणि बघत राहिला. कुणीतरी आपलं काम असं बघावं, हे किती भयंकर आणि किती मोलाचं असतं, हे अभयला तेव्हा कळलं. संतोषनं हेच तर मागितलं होतं!

"हात बरोबर आहे," शेवटी संतोष म्हणाला. "डोळे काकूंचे नाहीत. तू जेवताना कधी वर बघितलंच नाहीस, अभय. मी बघायचो."

अभयनं ब्रश त्याच्यापुढं धरला. संतोषनं तो घेतला, क्षणभर हातात तोलला आणि पाण्याच्या भांड्यात नीट ठेवून दिला.

त्यानंतर अभय बदलला. आडवारी, भर दुपारी, कलादालनात चित्रकाराशिवाय कुणी नसतं तेव्हा तो जातो, एकेका चित्रासमोर उभा राहतो आणि दिसलं ते खरं सांगतो. जाता येणार नसेल तर "मला जमणार नाही" म्हणतो. काही लोक त्याला तिरसट म्हणू लागलेत. काही जण त्याची वाट बघतात, आणि तो पोचतो.

वाचकहो, आपल्या ओळखीतही कुणीतरी मन लावून काहीतरी करत असेल. कुणी चित्र काढत असेल, कुणी गाणं शिकत असेल, कुणी नुसतं ताटात वाढत असेल. त्याच्याकडं मान वर करून बघा. आवडलं नाही तर तसं सांगा, वेळ नसेल तर नाही म्हणा. खऱ्या नकारानं माणूस मोडत नाही. पण येतो म्हणालात तर जा. अभयच्या चित्रातल्या बाईला हात मथुराबाईंचा आहे आणि चेहरा कुणाचाच नाही. तो चेहरा ठाऊक असलेला माणूस धायरीत राहतो, आणि तो आता चित्रं काढत नाही.